टपालातून बी.ए.

चैत्र सरत आला की कलकत्त्याच्या सॉल्ट लेकमध्ये एखाद्या दुपारी वारा अचानक पडतो. झाडांची पानं हलायची थांबतात, कावळे गप्प होतात आणि वायव्येकडून पाटीच्या रंगाचं आभाळ चढत येतं. इथे या वादळाला कालबैशाखी म्हणतात. आपल्याकडच्या वळवाची ही थोरली बहीण. वळीव कसा, थोडा दम देतो, चार गारा फेकतो आणि जातो. ही मात्र घरातल्या वस्तूंच्या जागा बदलूनच जाते. मी गॅलरीतले कपडे ओढून घेते, खिडक्यांच्या कड्या लावते, आणि कड्या लावता लावता टेबलावरचे सुटे कागद उचलून छातीशी धरते. परीक्षेच्या हॉलमध्ये असल्यासारखी. आता माझी कोण परीक्षा घेणार? पण शरीराला हे कळत नाही. त्याला फक्त ऋतू कळतो.

लग्न झालं तेव्हा माझं इंटर झालं होतं. सांगलीहून निघताना वडील म्हणाले होते, उरलेली बी.ए. तिकडे कर. सासरच्यांनीही मान डोलावली होती. तिकडे म्हणजे कलकत्त्याला, गार्डन रीचमधल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. हे रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. घराच्या मागे नदी, नदीत जहाजं, आणि जहाजांच्या भोंग्यांनी खिडकीची काच थरथरायची. कॉलेज तिथून लांब. शिवाय ती सत्तर सालानंतरची वर्षं. शहरात कधी बंद, कधी संचारबंदी, भिंतीभिंतींवर नक्षलवाद्यांच्या घोषणा, कॉलेजं महिनोन्‌महिने बंद. परीक्षा ठरायच्या आणि पुढे जायच्या. त्यातच मुक्ताचा जन्म झाला. बी.ए. हा शब्द घरात हळूहळू कमी उच्चारला जाऊ लागला, जसं एखाद्या दूरच्या, आजारी नातेवाइकाचं नाव कमी घेतलं जातं.

मग एके दिवशी ह्यांनीच वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली. उत्तरेकडचं एक विद्यापीठ टपालाने पदवीपर्यंत शिकवत होतं. कॉलेजात जायला नको, पाठ घरी येतील. मला ते थट्टेसारखं वाटलं. शिवण शिकवणारी, ज्योतिष शिकवणारी अशी टपाली मंडळी माहीत होती. पण बी.ए.?

तरीही मी नाव घातलं, आणि एका सकाळी पोस्टमनने दारात जाड खाकी पाकीट टाकलं. आत सायक्लोस्टाइल केलेले पाठ होते. कागद खरखरीत, अक्षरं जांभळट, काही ठिकाणी इतकी फिकी की अंदाजाने वाचावं लागे. त्या शाईला रॉकेलसारखा वास यायचा. मुक्ताला दूध पाजताना मी तो वास हुंगत राज्यशास्त्र वाचलं. प्रत्येक पाठाच्या शेवटी प्रश्न असत. त्यांची उत्तरं लिहून पाठवायची, याला स्वाध्याय म्हणत. तिकडे कुणीतरी ती तपासून, शेरा मारून परत पाठवी. मध्ये महिना, दीड महिना गेलेला असे. आपण काय लिहिलं होतं तेही तोवर विसरायला होई. टपालवाल्यांचा संप झाला की दोन-दोन महिन्यांचे पाठ एकदम यायचे, तेही क्रम सोडून. राज्याची निर्मिती कशी झाली हे कळायच्या आधी मला राज्य लयाला कसं जातं ते शिकावं लागलं.

माझे स्वाध्याय तपासणारे सर कोण होते, मला कधीच कळलं नाही. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. एकदा त्यांनी माझ्या उत्तराखाली लिहिलं होतं, ‘मुद्दा चांगला, पण अपुरा. येऊन भेटा.’ दोन रात्रींच्या रेल्वे प्रवासावर बसलेल्या बाईला ते येऊन भेटायला सांगत होते. मी हसले, आणि मग उगाचच बराच वेळ तो कागद हातात धरून बसले. माझा मुद्दा चांगला आहे, असं मला बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

टपालाने शिकण्यातलं एकटेपण विचित्र असतं. शंका आली तर विचारायची कुणाला? उत्तर येईपर्यंत शंकाच शिळी होते. आणि शब्द फक्त डोळ्यांनी माहीत होतात, कानांनी नाही. ‘सॉव्हरिन्टी’ हा शब्द मी वर्षभर ‘सोव्हरेग्नटी’ असा मनात वाचत होते, त्यातल्या ‘जी’ला चांगला न्याय देऊन. हिवाळ्यात विद्यापीठाचे प्राध्यापक संपर्क वर्ग घ्यायला कलकत्त्याला आले, तेव्हा पहिल्याच तासाला त्यांनी त्या शब्दाचा खरा उच्चार केला. मी दचकून शेजारी पाहिलं. शेजारची बाईही दचकून माझ्याकडेच पाहत होती. तीही वर्षभर ‘जी’ म्हणत आली होती. वर्ग संपेपर्यंत आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसत होतो.

ती शेफालीदी. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, सावळी, उंच, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात शंखाच्या बांगड्या. कलकत्त्याजवळच्या बजबज गावी एका मुलींच्या शाळेत ती खालच्या वर्गांना शिकवत होती. त्या वर्गात आमच्यासारखी किती तऱ्हेची माणसं होती! ड्यूटी संपवून तशीच आलेली एक नर्स, बँकेतले कारकून, किल्ल्यातल्या छावणीतला एक जवान, बडा बाजारातला एक कापडवाला. सगळे वहीत मान घालून असे लिहीत होते, जसं दुसऱ्याच्या घरी पोट भरून जेवून घ्यावं. मास्तर समोर उभा राहून बोलतोय, ही आमच्यासाठी चैन होती.

शेफालीदीचं प्रकरण माझ्यापेक्षा गंभीर होतं. तिच्या शाळेला वरचे वर्ग जोडायचं ठरलं होतं. त्यानंतर शाळेत पदवीधर बायकांनाच ठेवतील, बाकीच्यांचं पुढे काय ते सांगता येत नाही, असं मुख्याध्यापिकाबाईंनी तिला सांगितलं होतं. तिचा नवरा तागाच्या गिरणीत होता आणि गिरणीला वर्षातून कितीदा टाळं लागेल याचा नेम नसे. घर तिच्या पगारावर उभं होतं. इतिहास-राज्यशास्त्राची इंग्रजी उत्तरं ती पाठ करून लिही, बंगाली घरचंच होतं; त्यांची तिला भीती नव्हती. भीती होती इंग्रजीच्या सक्तीच्या पेपरची. ती व्याकरणाचे नियम धडाधड म्हणून दाखवी आणि दोन वाक्यं लिहायला बसली की घामाघूम होई. मला इंग्रजी बऱ्यापैकी येत होतं, पण इतिहासातले राजवंश माझ्या डोक्यात एकमेकांच्या गाद्यांवर बसत. आम्ही संपर्क वर्गाच्या शेवटच्या दिवशी ठरवून टाकलं की अभ्यास एकत्र करायचा. कधी ती गार्डन रीचला यायची, कधी मी मुक्ताला घेऊन बजबजला जायची.

फाल्गुनात ह्यांची बदली झाली. बिलासपूर. ताबडतोब रुजू व्हायचं होतं आणि क्वार्टर दुसऱ्याच्या नावावर झालं होतं. परीक्षा चैत्र-वैशाखात, केंद्र कलकत्ता. केंद्र बदलायची मुदत केव्हाच संपलेली. हे वाईट माणूस नव्हते. त्यांनीच जाहिरात दाखवली होती. त्या दिवशी ट्रंकेत पितळी भांडी भरता भरता ते सहज म्हणाले, “पुढच्या वर्षी दे ना. बिलासपूरहून देता येईल.”

मी वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होते. मी म्हणाले, “पुढच्या वर्षी, हे मी लग्नाआधीही ऐकलं होतं.”

 भांडी भरून झाली, ट्रंकेला कुलूप लागलं, आणि मग त्यांनी विचारलं की राहशील कुठे. मराठी मंडळातल्या एक-दोघांनी ‘आमच्याकडे या’ म्हटलं होतं, पण त्यांच्या दोन खोल्यांत त्यांचीच मुलं परीक्षेला बसलेली. मी शेफालीदीचं नाव घेतलं. तिने आधीच सांगून ठेवलं होतं की जागा आहे, तळ्याकाठी हवाही आहे. ह्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांच्या मनात पहिली शंका आली ती माशांची. तुला तो वास तरी सहन होईल का, असं त्यांनी विचारलं. पण रविवारी तेच मला आणि मुक्ताला बजबजला सोडायला आले, शेफालीदीच्या नवऱ्याबरोबर ओसरीवर चहा प्यायले, आणि जाताना मुक्ताला कडेवरून खाली ठेवायला त्यांना फार वेळ लागला.

माशांचा प्रश्न मोठ्या सुंदर रीतीने सुटला. शेफालीदीच्या सासूबाई विधवा होत्या. तिथल्या रीतीप्रमाणे त्या मासे खात नसत, आणि त्यांची चूल, भांडी, सगळंच वेगळं. मी त्यांना माशीमा म्हणू लागले, म्हणजे मावशी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला आपल्या स्वयंपाकघरात पाट मांडून बसवलं. आजवर त्या एकट्या जेवत आल्या होत्या. आता त्यांच्या पंगतीला मी आले, आणि मुक्ताही. कच्च्या कैरीच्या फोडी घातलेली त्यांची पातळ आंबट डाळ मला फार आवडली. एक दिवस मी त्यांना आपली आंबेडाळ करून वाढली. डाळ वाटून कच्चीच खायची, हे त्यांना पटेना. त्यांनी एक बोट चाखलं, थोडा विचार केला, आणि वाटी पुढे केली.

त्यांना मराठी येत नव्हतं, मुक्ताला धड काहीच येत नव्हतं, पण दोघींचं दिवसभर चाले. एक शब्द दोघींचा सारखा होता, भात. मुक्ता ‘भात’ म्हणाली की माशीमांना वाटे पोर बंगाली बोलतेय, मला वाटे मराठी बोलतेय. महिन्याभरात ती पाण्याला जल म्हणू लागली आणि मला मा.

दुपारी शेफालीदी शाळेतून आली की आम्ही तळ्याकाठच्या ओसरीत बसत असू. पाण्यावरून येणारा वारा, हिरव्या शेवाळाचा वास, लांबून गिरणीचा भोंगा, आणि तेलाच्या डेपोकडून मधूनच येणारा एक जड, गोडसर दर्प. मी तिला इंग्रजीत गोष्टी सांगायला लावायची. आज शाळेत काय झालं, काल बाजारात काय आणलं. आधी ती वाक्य मनात बंगालीत रचायची, मग एकेक शब्द उलटवायची, आणि त्या धडपडीत क्रियापद कुठेतरी सांडून जायचं. मग माझी पाळी. ती मला राजवंश सांगायची, तेही असे की जणू तिच्या माहेरच्या गल्लीतली कुटुंबं आहेत. अमक्याचा मुलगा कर्तबगार, पण नातू अगदीच वाया गेलेला. टपालाने आलेल्या पाठात ती माणसं मेलेली होती. शेफालीदीच्या तोंडी ती भांडणं करू लागली, आणि माझ्या लक्षात राहू लागली.

परीक्षेचं केंद्र बालीगंजच्या एका कॉलेजात होतं. पेपर दुपारचे. आम्ही सकाळी लोकलने निघायचो, माशीमांनी दोघींच्या कपाळाला दह्याचं बोट लावलेलं असायचं. मुक्ता त्यांच्या कडेवरून हात हलवायची, आणि नंतर नंतर तर हलवायचीही नाही, इतकी ती तिथली झाली होती.

इंग्रजीचा पेपर होता त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडलेली. हॉलमधले पंखे नुसतेच गरगरत होते. शेफालीदीची जागा खिडकीजवळ, माझी दोन रांगा मागे. पेपर सोपा नव्हता, पण आम्ही गिरवलेल्यातला होता. मी मधून मधून तिच्या पाठीकडे पाहत होते. ती लिहीत होती, न थांबता. तिच्या मानेवरून मला कळलं की तिला जमतंय.

मग वारा पडला. खिडकीबाहेरच्या कृष्णचुड्याची, म्हणजे गुलमोहराची, पानं निश्चल झाली. क्षणभर सगळ्या हॉलमध्ये पेनांचा आवाज तेवढा ऐकू आला. आणि एकदम वादळ हॉलमध्येच घुसलं. खिडक्यांची तावदानं धाडधाड आपटली, दिवे गेले, धुळीचा लोट, त्यामागे पावसाचा सपकारा. कागद उडाले. पर्यवेक्षक खिडक्यांकडे धावले. मी माझे कागद छातीशी धरून टेबलावर पालथी पडले. खिडक्या बंद झाल्यावर अंधारात मान वर केली तर शेफालीदी जमिनीवर गुडघे टेकून आपली पानं गोळा करत होती. पानं पाण्यात पडली होती. आम्ही सगळे दौतीच्या शाईने लिहीत असू. त्या पानांवर आता निळे ओघळ तेवढे होते.

केंद्रप्रमुख म्हणून एक म्हातारे सर होते, धोतर नेसलेले, सडसडीत. मेणबत्त्या आणवून त्यांनी रांगांमधून लावल्या. शेफालीदीजवळ येऊन त्यांनी ती पानं उजेडात धरून पाहिली, मान हलवली आणि तिच्यापुढे कोरी उत्तरपत्रिका ठेवली. मग ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “वेळ मी थोडा वाढवून देतो आहे. कोणी विचारलं तर उत्तर मी देईन.” त्यांच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं. शेफालीदीने पहिल्यापासून लिहायला घेतलं. मेणबत्तीच्या उजेडात मला तिचा हात दिसत होता. आता त्याची ती लय गेली होती.

परतीच्या लोकलमध्ये खिडकीतून ओल्या मातीचा वास येत होता. लोक खूश होते, उकाडा संपला म्हणून. मी काही बोलायचा प्रयत्न केला. किती प्रश्न झाले, तपासणारे समजून घेतील, असं काहीतरी. ती म्हणाली, “परवा तुझा इतिहास आहे. त्याचं बघू.” आणि त्या संध्याकाळी तिने खरोखरच मला राजवंश म्हणायला लावले, एकही चूक न सोडता. माशीमांनी काय झालं ते माझ्याकडून काढून घेतलं.  रात्री त्यांनी तिच्या ताटात दोनदा भात वाढला.

निकाल कळला तेव्हा मी बिलासपूरला होते. मी दुसऱ्या वर्गात पास झाले होते. इतिहासात मला जेवढे गुण मिळाले तेवढे आयुष्यात कधी मिळाले नव्हते. ह्यांनी ऑफिसात पेढे वाटले. आठवड्याने शेफालीदीचं पत्र आलं. बाकी सगळ्यात ती चांगली पास झाली होती, इंग्रजीत थोडक्या गुणांनी नापास झाली होती. तेवढाच विषय पुढच्या वर्षी पुन्हा देता येणार होता. मुख्याध्यापिकाबाईंकडे ती स्वतःच गेली आणि एक वर्ष मागून आली. आर्जव केलं नाही, असं तिने मुद्दाम लिहिलं होतं. झालेल्या विषयांचे गुण दाखवले, उरलेल्याची तारीख सांगितली, आणि त्यांनी वर्ष दिलं.

ते पत्र वाचून मला पेढा गोड लागेना. ती मला इतिहास देऊन बसली होती, आणि माझं देणं पाण्यात गेलं होतं. पण बिलासपूर आणि बजबज यांच्यात एका रात्रीचा रेल्वे प्रवास होता. मुक्ता लहान. येऊन भेटा, असं म्हणणं मलाही शक्य नव्हतं.

मग मी तेच केलं जे मला करता येत होतं. एक उतारा, पाच प्रश्न, एका निबंधाचा विषय असं कागदावर लिहून मी तिला पाठवलं. तिने उत्तरं लिहून धाडली. मी लाल शाईने तपासून परत पाठवली. पुढचा प्रश्नसंच त्याच पाकिटात. पावसाळा, दुर्गापूजा, हिवाळा, सगळं वर्ष आमचं असं चाललं. आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसल्यावर मला त्या बारीक अक्षराच्या सरांची अडचण कळली. समोर माणूस नसतो. त्याचा चेहरा पडला की खुलला, ते दिसत नाही. एकाच वाक्यात त्याची चूकही सांगायची असते आणि त्याला पुढचं लिहायची हुरूपही द्यायचा असतो, आणि ते वाक्य टपालात चार दिवस टिकावं लागतं. मी शेरे लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. मी स्वाध्याय लिहिताना जेवढं शिकले नव्हते तेवढं ते तपासताना शिकले.

एकदा मी निबंधाला विषय दिला, पावसाळी दिवस. पुस्तकात असतो तसा निबंध येईल असं वाटलं होतं. छत्र्या, बेडूक, गरम भजी. तिने त्या हॉलबद्दल लिहिलं होतं. इंग्रजीत, तिच्या साध्या, आखूड वाक्यांत. शेवटी लिहिलं होतं की माझी शाई मला सोडून गेली, पण मी हॉल सोडून गेले नाही. माझे डोळे भरून आले. आणि त्या वाक्यात काळाची एक चूक होती, ती मी लाल शाईने दुरुस्त केली. तिला पास व्हायचं होतं.

ती पास झाली. कार्डावर दोन ओळी आल्या, बाकी काही नाही. मी थोडी खट्टू झाले. वर्षभराच्या टपालानंतर दोनच ओळी?

त्यानंतर बदल्या होत गेल्या, आणि पुष्कळ वर्षांनी आम्ही कलकत्त्याला परतलो. एका रविवारी मी बजबजला गेले. माशीमा राहिल्या नव्हत्या. तळं होतं, ओसरी होती. शेफालीदीचे केस पांढरे झाले होते आणि ती नववी-दहावीच्या मुलींना शिकवत होती. इंग्रजी. ते सांगताना ती हसली नाही, जणू दुसरा कुठला विषय असूच शकत नव्हता. बोलता बोलता मी तिला विचारलं की तेव्हा दोनच ओळी का लिहिल्यास.

 मग तिने सांगितलं. निकालाचं टपाल शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, सकाळी, वर्ग भरायच्या आधी. तिने ते वाचलं, घडी घालून पदराच्या टोकाला बांधलं आणि कुणाला सांगितलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनाही नाही. सरळ वर्गात गेली, हजेरी घेतली, पाढे म्हणवून घेतले, श्रुतलेखन घातलं, दुपारच्या सुट्टीत एका रडणाऱ्या मुलीची वेणी घालून दिली. संध्याकाळी घरी गेल्यावर मग सासूबाईंच्या पायाशी कागद ठेवला, आणि रात्री मला कार्ड लिहिलं.

“दिवसभर कुणाला माहीत नव्हतं,” ती म्हणाली, “आणि मी शिकवत होते. तो दिवस मला एकटीला हवा होता. तुलासुद्धा त्यातलं काही द्यायचं नव्हतं.”